एका खोलीत दोन टिपा

१

परदेशात माझ्या प्रवाशांचं काही हरवलं की ते आधी माझ्याकडे रागाने बघतात, मग हॉटेलवाल्यांकडे संशयाने बघतात आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या बॅगेत बघतात. चष्मे, पासपोर्ट, औषधांच्या डब्या, एकदा तर एका आजोबांची कवळी, सगळं बॅगेतच निघालेलं आहे. म्हणून त्या सकाळी थोरल्या वहिनी जिन्यावरून ओरडत खाली आल्या, तेव्हा मी हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही.

"मॅडम, पाटल्या गेल्या! सासूबाईंच्या पाटल्या गेल्या हो!"

"बॅगेत बघितलंत का नीट?"

"बॅगेत कशाला असतील? उशीखाली होत्या. टूर सुरू झाल्यापासून मी बटवा उशीखाली घेऊनच झोपते!"

आता मात्र मी कप ठेवला. टूर लीडरला कटकट आणि संकट यांतला फरक आवाजावरून कळतो. हा आवाज संकटाचा होता.

आमच्या ग्रुपमध्ये या घरातली तीन माणसं होती. दादा, त्यांची बायको थोरल्या वहिनी, आणि दादांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून धाकट्या वहिनी. धाकट्या भावाला ऐनवेळी रजा मिळाली नव्हती. पाटल्या दादांच्या आईच्या, चांगल्या जाडजूड, एरवी बँकेच्या लॉकरमध्ये असायच्या. आमच्या टूरच्या शेवटच्या शहरात दादांची लेक राहते आणि तिला दिवस गेले आहेत. आजीच्या पाटल्या तिला द्यायच्या आणि तिने तिथल्याच सोनाराकडे त्या मोडून मनासारखं काहीतरी घडवून घ्यायचं, असा बेत होता. हे सगळ्या बसला ठाऊक होतं, कारण थोरल्या वहिनींनी ते सगळ्या बसला सांगितलं होतं.

"सकाळी आंघोळीच्या गडबडीत बटवा उशीखालीच राहिला," त्या हुंदके देत सांगू लागल्या. "नाश्ता करताना आठवण झाली. धावत वर गेले, उशी भिरकावली, तर खाली काही नाही."

तेवढ्यात दादा आले. मी विचारलं, "दादा, खोलीची चावी कुणाकडे होती?"

"चहा झाला माझा," दादा म्हणाले.

माणूस धक्क्यात असला की असं होतं, म्हणून मी चावीचा विषय सोडला. तसाही त्याला अर्थ नव्हता. निघायच्या दिवशी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि हमालांसाठी दारं उघडी सोडायची, असं मीच सांगितलं होतं. मजल्यावरचं कुणीही आत जाऊ शकत होतं.

दादा मात्र खुर्चीत बसता बसताच निकाल देऊन मोकळे झाले. "विचारायचं काय त्यात? खोली साफ करणारी ती बाई. टिप उचलायला गेली असेल आणि बटवा हाताला लागला असेल. सरळ आहे."

शेजारच्या टेबलावरच्या माना लगेच हलल्या. परक्या देशात चोर परकाच असावा, याबद्दल सगळ्या टेबलांचं एकमत दिसलं.

इतक्यात हॉटेलचा मॅनेजर आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाईला मी ऑफिसात बसवून ठेवलंय. पण एक विचित्र गोष्ट आहे. तुमच्या या बाई ओरडत खाली येण्याच्या आधीच ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. आणि तीही नेमकी त्याच खोलीची."

२

ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली होती. भिंतीला लागून बाक होता आणि त्यावर मरून रंगाच्या ॲप्रनातली बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे मात्र तिने असं बघितलं की मलाच काहीतरी चोरल्यासारखं वाटलं.

"त्या खोलीत मी दोन पावलं टाकली आणि बाहेर आले," ती म्हणाली. तिचं आणि मॅनेजरचं बोलणं मी मागे उभ्या दादा-वहिनींना मराठीत सांगत होते, आणि त्यांचं मॅनेजरला. "त्यांनी गादीवर पैसे ठेवले होते. उशीवर. मी कामाची बाई आहे. असलं कुणाकडून ऐकून घेत नाही."

आमच्या लोकांना काही उमगेना, तेव्हा मला खुलासा करावा लागला. आमच्या टूरमध्ये दोन देश आहेत. पहिल्या देशात खोली साफ करणाऱ्या बाईची टिप उशीवर ठेवतात. उशीवर जे असेल ते तिचं. इथे नेमकं उलट आहे. इथे दाराजवळच्या टेबलावर ग्लास पालथा घालायचा आणि टिप त्याखाली ठेवायची. इथे बाईमाणसासाठी गादीवर पैसे ठेवण्याचा अर्थ वेगळा होतो. तो अर्थ मी बसमध्ये माइकवरून नीट समजावून सांगितला होता, कारण या एका गोष्टीवरून इथे मागे एकदा माझ्या ग्रुपला बाहेर काढायची वेळ आली होती. सीमा ओलांडल्या ओलांडल्या मी बोलायला उभी राहिले. माइक बारीक शिट्टी मारत होता. दोनदा बंद करून चालू केला तरी शिट्टी थांबेना, शेवटी तशीच बोलले.

"पण मी टिप ग्लासखालीच ठेवली होती!" थोरल्या वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तशी, दाराजवळ. उशीवर आम्ही कशाला ठेवू?"

"ऐकलंत?" मॅनेजर मला म्हणाला. "म्हणजे उशीवर काही नव्हतंच. हिने चोरी केली आणि आपण त्या खोलीत थांबलोच नाही असं दाखवायला आधीच कांगावा केला. मी पोलिसांना बोलावतो. हीसुद्धा इथली नाही, परवान्यावर काम करते. चोरीचा आळ आला की परवाना रद्द, आणि मुलीला शाळेतून काढून दोघी परत जिथून आल्या तिथे."

हे बाईला भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. तो तिच्यासमोरच, तिला कळणाऱ्या भाषेत बोलला होता. तिने फक्त ॲप्रनची कड मुठीत धरली. मला त्या मॅनेजरचा मनापासून राग आला. पण खरं सांगायचं तर ती खरं बोलतेय याची मला खात्री नव्हती. नोकरीने मला कुणावरच विश्वास ठेवायचं शिकवलेलं नाही.

"बस सुटायला अजून वेळ आहे ना, मॅडम?" मागून आवाज आला. दारात सर्व्हेअर काका उभे होते, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट.

काका विमा कंपनीत सर्व्हेअर होते. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, दागिने गेले, की त्यांना पाठवायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. आमच्या बसमध्ये कुणी साधं "माझी छत्री हरवली" म्हटलं तरी ते विचारायचे, "जुनी होती का?" त्यामुळे लोक त्यांच्याशी जरा जपूनच बोलत.

"पोलिसांना बोलवायचंय तर बोलवा, कुणी अडवलंय," ते म्हणाले. "पण बस निघेपर्यंत मला जरा नाक खुपसू द्या. या बाईंना एकच विचारा. उशीवर काय होतं, नेमकं सांगा म्हणावं."

मी विचारलं.

"नोट," ती म्हणाली. "आणि तीही इथली नाही. असली नोट मी इथे कधी बघितलेली नाही."

३

खोलीत शिरताना काकांनी आम्हाला सगळ्यांना दारातच थांबवलं. मी, दादा, थोरल्या वहिनी आणि मॅनेजर, असे चौघं एकमेकांच्या खांद्यावरून आत बघत होतो.

दाराजवळच्या टेबलावर ग्लास पालथा होता आणि त्याखाली इथली नोट घडी घालून ठेवलेली होती. तिला कुणी हात लावलेला नव्हता.

"ही माझी," थोरल्या वहिनी म्हणाल्या.

"चोर मोठा शिस्तीचा दिसतो," काका म्हणाले. "स्वतःच्या हक्काची टिप सोडून गेला."

पलंग तसाच होता, पांघरूण अर्धं जमिनीवर, एक उशी भिंतीकडे फेकलेली. काकांनी चादर झटकली, गादी उचलून बघितली, उशीच्या अभ्र्यात हात घातला. नोट कुठेच नव्हती.

"बघा!" दादा जोरात म्हणाले. "नोटबीट काही नाही. ती बाई थापा मारतेय."

मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं की आता फोन करायला हरकत नसावी.  काका मात्र पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला गेले आणि वाकून म्हणाले, "दादा, जरा हात लावता का?" दादा जागचे हलले नाहीत. शेवटी मॅनेजरने आणि मी पलंग भिंतीपासून ओढला.

फटीत नोट पडली होती. थोरल्या वहिनींनी उशी भिरकावली तेव्हा तिच्याबरोबर उडून गेली असावी. नोट इथली नव्हती. आम्ही ज्या देशातून आलो होतो, तिथली होती. तिकडून निघाल्यावर अशा उरलेल्या नोटा कुणी बदलून देत नाही. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या पाकिटात एखाददुसरी पडून असणार.

मॅनेजरचा हात टेलिफोनवाल्या खिशातून बाहेर आला. बाई खरं बोलली होती, एवढं त्यालाही मान्य करावं लागलं. पण त्याने लगेच दुसरा फाटा फोडला. "नोट होती. ठीक. म्हणून तिने बटवा घेतला नाही असं थोडंच आहे?"

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "नाही ठरत." त्यांनी नोट उजेडात धरली. "पण एका खोलीत दोन टिपा का, ते मला कळायला हवं. एक वहिनींनी ठेवली, दाराशी, इथल्या रीतीने. दुसरी कुणीतरी उशीवर ठेवली, तिकडच्या रीतीने आणि तिकडच्या पैशात. हॉटेलातल्या माणसाकडे ही नोट कशाला असेल? मॅडम, उशीशी आलेला माणूस आपल्या बसमधला आहे."

४

आमच्या ग्रुपच्या चार खोल्या त्या मजल्यावर होत्या. दादा-वहिनींची, धाकट्या वहिनींची, काकांची आणि सरांची. बाकीचे सगळे खालच्या मजल्यावर. मी काकांना म्हटलं, "संशय घ्यायचाच तर सरांवर घ्या. इथली रीत न ऐकलेले तेवढे एकच आहेत. ते बसमध्ये नव्हतेच."

सर म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक. प्रत्येक देशात ते कुठल्यातरी संग्रहालयात हरवतात. सीमेच्या अलीकडे त्यांनी बस चुकवली होती आणि मग रेल्वेने संध्याकाळी येऊन आम्हाला गाठलं होतं. शिवाय आज नाश्त्यालाही ते उशिरा आले होते.

सर खोलीत पुस्तकं भरत बसले होते. आमचे चेहरे बघून म्हणाले, "माझी झडती घ्यायची आहे का? घ्या की. पुस्तकांशिवाय काही निघणार नाही, आणि ती तुम्ही चोरणार नाही याची मला खात्री आहे."

"टिप कुठे ठेवलीत सर?" काकांनी विचारलं.

सरांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे ग्लास पालथा होता. "गाडीत समोर एक आजीबाई बसल्या होत्या. मी सीटवर सुटे पैसे मोजत होतो, तर मला झापलं त्यांनी. सगळं समजावून सांगितलं. बाईमाणसाच्या बिछान्याजवळ पैसे न्यायचे नाहीत म्हणाल्या." मग ते खाली बघत म्हणाले, "माझं नाव सांगू नका, पण मी धाकट्या वहिनींना त्या खोलीच्या दारात बघितलं. नाश्त्याच्या वेळी."

मला हेच ऐकायचं नव्हतं, आणि मनातल्या मनात हेच ऐकायची तयारीही होती. त्या दोघी जावांमध्ये काय चाललंय ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. फोटो काढताना एक उजवीकडे उभी राहिली की दुसरी डावीकडे जायची. शिवाय सीमेवर मी बोलत होते तेव्हा धाकट्या वहिनींच्या कानांत इअरफोन होते, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं होतं.

धाकट्या वहिनी चिडल्या. "हो, गेले होते! डोकं दुखत होतं, बाम मागायला. सासूबाईंच्या पाटल्या सगळ्याच्या सगळ्या थोरलीकडे गेल्या, त्यातली एक तरी मला यायला हवी होती असं मी दहा जणांसमोर म्हटलेलं आहे. पण म्हणून काय उशीखाली हात घालीन?"

"आत कुणी होतं?"

"दादा होते की. पलंगापाशी, पाठमोरे. मी दारातून दोनदा हाक मारली, भाऊजी, भाऊजी! ढुंकूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. म्हटलं, ठीक आहे, बाम नको आणि काही नको, आणि परत फिरले. या घरात माझी किंमतच तेवढी."

"टिप कुठे ठेवायची हे माहीत होतं तुम्हाला?"

"ग्लासखाली. जाऊबाईंनी जेवताना सांगितलं. एरवी काही सांगत नाहीत, तेवढं बरं सांगितलं." त्यांच्या टेबलावरचा ग्लासही पालथाच निघाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मॅडम, सगळ्यांना विचारताय, तुम्हीसुद्धा वर गेला होतात ना सकाळी?"

गेले होते, बॅगा बघायला. काका माझ्याकडे निवांत बघत होते.

शेवटी आम्ही दादांकडे आलो. ते खोलीच्या बाहेर, पॅसेजमधल्या खुर्चीत बसले होते. काका खिडकीकडे तोंड करून, बाहेर बघत विचारू लागले, "दादा, तुम्ही सगळ्यात शेवटी खाली आलात ना?"

दादा गप्प. थोरल्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना त्रास नका देऊ हो. आईच्या आठवणीच्या होत्या."

काका वळले. दादांच्या समोर उभं राहून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"हो, शेवटी आलो," दादा लगेच म्हणाले. "ब्लडप्रेशरची गोळी घेत होतो."

मला वाटलं, बिचारे मनाने खचलेत. काकांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी एकदम मॅनेजरला विचारलं, "या मजल्यावरचा कचरा गेला का?"

"नाही अजून. बाई खाली बसवून ठेवलीय ना, नेणार कोण?"

"मग लिफ्टजवळचा तो डबा माझ्यासमोर उलटा करा," काका म्हणाले.

५

डब्यातून वर्तमानपत्रं निघाली, सफरचंदाचं देठ निघालं, दाढीच्या फेसाचा रिकामा डबा निघाला. तळाशी बिस्किटांचा एक पुडा होता, तोंडाशी पीळ घालून बंद केलेला. काकांनी पीळ सोडला. आत लाल मखमली बटवा होता.

"सापडल्या!" थोरल्या वहिनी ओरडल्या. त्यांनी बटवा काकांच्या हातातून जवळजवळ हिसकावला, उघडला, दोन्ही पाटल्या छातीशी धरल्या आणि रडायला लागल्या. धाकट्या वहिनीसुद्धा भांडण विसरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.  बस खोळंबणार नव्हती, पोलीस येणार नव्हते.

"सापडल्या ना, मग आता मिटवा," दादा म्हणाले. "कुणी का घेतल्या असेनात. बस थांबलीय."

"चला चला," मीही म्हटलं.

"मिटलं कसं?" मॅनेजरचा आवाज चढला. "हा डबा कोण उचलतं? तीच. तिच्या कचऱ्याच्या गाडीत घालून ती हे बाहेर नेणार होती. आता तर पुरावाच मिळाला. पोलीस येणारच."

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, यांनी शोधून शोधून त्या बाईचाच फास आवळला.

काका डब्याच्या कडेला उकिडवे बसले होते. "मॅनेजरसाहेब, मला एक सांगा. तिला न्यायचं असतं तर ॲप्रनच्या खिशात नेलं असतं. तक्रार करायला स्वतः तुमच्यासमोर येऊन उभी कशाला राहिली असती, माल वर डब्यात टाकून? दुसऱ्या कुणीही येऊन डबा उचलला असता तर?" मग ते उठले. गुडघे धरून, कण्हत. "सोनं चोरणारा माणूस सोनं जपतो. कचऱ्यात टाकत नाही. कचऱ्यात तो टाकतो, ज्याला ते फक्त नाहीसं व्हायला हवंय."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"वहिनी," काका एकदम मऊ आवाजात म्हणाले, "त्या पाटल्या जरा हातात घालून बघता?"

थोरल्या वहिनींनी एक पाटली मनगटावर चढवली. हात खाली सोडला. पुन्हा वर उचलला. मग त्यांचं रडणं हळूहळू थांबलं आणि चेहरा वेगळाच झाला.

"या हलक्या आहेत," त्या म्हणाल्या. "या आमच्या नाहीत."

६

आम्ही सगळे पुन्हा जिन्याखालच्या त्या खोलीत जमलो. काकांनीच तसं सांगितलं. म्हणाले, जिच्यावर आळ आहे तिच्यासमोर बोलू. बाई बाकावर होती तशीच बसली होती. मी तिच्याजवळ उभी राहून एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगत होते.

"एक ग्रॅमच्या आहेत या," काका म्हणाले. "तांब्यावर सोन्याचं पाणी. चांगल्या केल्यात, नुसतं बघून कळणार नाही. सोनाराने मोडायला घेतल्या की लगेच कळलं असतं. आणि सोनार आपल्या पुढच्या मुक्कामाला होता. म्हणजे त्या तिथे पोचायच्या आधी नाहीशा व्हायला हव्या होत्या. आता प्रश्न असा, की उशीवर नोट का?"



"कारण चोराला वाटलं, बाई ती नोट उचलेल. नंतर आपण तिला विचारणार, उशीला हात लावलास का? ती भाबडेपणी हो म्हणणार, टिप उचलली म्हणणार. झालं. उशीखालचा बटवाही तिनेच घेतला. सापळा चांगला होता. पण इथे बाई उशीवरच्या पैशाला हात लावत नाही, उलट अपमान झाला म्हणून दारातूनच परत फिरते. हे चोराला ठाऊक नव्हतं. मी स्वतःलाही सोडलं नाही; माझा ग्लास मॅनेजरसाहेबांनी बघितलाय. सरांना ठाऊक होतं. धाकट्या वहिनींना ठाऊक होतं. वहिनींना तर होतंच. मग या मजल्यावर कोण उरलं?"

"मी बसमध्येच होतो!" दादा म्हणाले. "मॅडमनी सांगितलं तेव्हा मी समोरच होतो!"

"होतात. मी तुमच्या मागच्या सीटवर होतो. तेव्हा बसमध्ये शिट्टी वाजत होती. मॅडमना वाटलं माइकची. ती तुमच्या खिशातून येत होती, दादा. कानाचं मशीन चालू ठेवून खिशात टाकलं की ते असं शिट्टी मारतं. तिकडच्या देशात मशीन कानात होतं, उशीची रीत तुम्ही ऐकलीत. इथे पोचेपर्यंत ते काढून टाकलंत, बहुतेक चारचौघांत लाज वाटते म्हणून. ग्लासचं तुम्ही ऐकलंच नाही. चावी विचारली तर तुम्ही चहा झाला म्हणालात. भावजयीने दोनदा हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून विचारलं, तुम्ही गप्प. आणि वहिनींनी टिप ग्लासखाली ठेवल्याचं बायको म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. जावेला सांगितलं, नवऱ्याला नाही. संसारात असं होतं."

दादांचा हात आपसूक खिशावर गेला होता.

"आणि सगळ्यात आधी तुम्हीच म्हणालात," काका पुढे म्हणाले, "की टिप उचलायला गेली आणि बटवा हाताला लागला. तेव्हा उशीवरच्या नोटेबद्दल कुणालाच ठाऊक नव्हतं. टिप तर दाराशी होती. दाराशी टिप उचलताना उशीखाली हात कसा जाईल? पाटल्या लॉकरमधून काढून आणल्या कुणी, वहिनी?"

"यांनी," थोरल्या वहिनी म्हणाल्या. त्या दादांकडे बघत होत्या. "निघायच्या आदल्या दिवशी. मी नुसतं बघितलं आणि ठेवून दिल्या. म्हटलं, आता लेकीच्याच हातात घालायच्या."

 दादांनी खिशातून मशीन काढून कानात बसवलं. "आईने जाताना सांगितलं होतं. पाटल्या बहिणीला, ताईला दे म्हणाली. तू तेव्हा खोलीत नव्हतीस. तुला सांगायची हिंमत झाली नाही माझी. ताईला दिल्या आणि या करून लॉकरमध्ये ठेवल्या. कधी कुणी मोडायला काढेल असं वाटलं नव्हतं."

मला वाटलं, आता थोरल्या वहिनी आकाशपाताळ एक करणार. त्यांनी हातातली पाटली काढली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"ताईंना दिल्यात त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत तर मीच नेऊन त्यांच्या हातात घातल्या असत्या. आईंचं मन मी कधी मोडलं होतं? पण तुम्ही या बाईला धरून देत होतात. तिच्या पोरीसकट."

"अगं, ती कोण आपली?" दादा अगतिकपणे म्हणाले. "परकी बाई. आपण तिला पुन्हा कधी भेटणार होतो?"

"मीही तुमच्या घरात परकीच आले होते," थोरल्या वहिनी म्हणाल्या.

 धाकट्या वहिनींनी मान खाली घातली. मॅनेजरने कुणी न सांगताच टेलिफोन टेबलाच्या कप्प्यात ठेवून दिला.  दादांचं मशीन आता कानात होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोयही त्यांना राहिली नव्हती.

बाईने माझा हात ओढला. "काय म्हणाली ती?" तिने विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

तिने थोरल्या वहिनींकडे नीट बघून घेतलं. मग ॲप्रन सावरत ती बाकावर एका कडेला सरकली आणि शेजारी जागा करून दिली. थोरल्या वहिनी जाऊन तिथे बसल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पण मी कुणालाही उठा म्हटलं नाही.